वाचकांचे प्रश्न : डाफ्ट पंकची पहिली तबकडी

‘द फंक’ हीच डाफ्ट पंकची पहिली तबकडी ना? आमच्याकडे यावरून पैज लागली आहे. — वाचक, कोथरूड

पैज हरलात. या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीची पहिली तबकडी ‘द न्यू वेव्ह’, १९९४ सालची. ‘द फंक’ आली १९९५ मध्ये. दोन्ही ग्लासगोच्या सोमा या लेबलने काढल्या. लेबलच्या यादीत पहिलीचा क्रमांक १४, दुसरीचा २५. पॅरिसच्या दोन पोरांची तबकडी स्कॉटलंडमधून निघाली, कारण सोमा चालवणाऱ्या स्लॅम या डीजे जोडीशी त्यांची भेट १९९३ मध्ये पॅरिसजवळच्या युरो डिस्नेतल्या एका पार्टीत झाली आणि तिथेच डेमो टेप त्यांच्या हाती गेली.

मात्र पैजेतल्या समोरच्या पक्षाला एक विचारून बघा : या दोघांचं त्याआधीचं ध्वनिमुद्रण कुठलं? थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमे-क्रिस्तो हे आधी लॉरां ब्रांकोवित्झबरोबर ‘डार्लिन’ नावाच्या गिटार बँडमध्ये होते. त्या बँडची गाणी १९९३ मध्ये एका संकलनात आली होती. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या समीक्षकाने ती ‘डाफ्ट’ आणि ‘पंकी’ म्हणून उडवून लावली. शिवीचंच नाव करून दोघं निघाले. तिसरा पुढे ‘फिनिक्स’ बँडमध्ये गेला.

‘द न्यू वेव्ह’ गाजली का नाही? — वाचक, सदाशिव पेठ

गाजण्यासाठी ती काढलीच नव्हती. बारा इंची तबकडी, शब्द नाहीत, गायक नाही. असा माल तेव्हा डीजेच्या पेटीसाठी निघायचा. श्रोत्याने घरी बसून ऐकावं असा तो नसे. म्हणून तिचं स्वागत विक्रीच्या आकड्यांत शोधू नये. दोन्ही बाजू ऐकल्या की कारण कळतं. एका बाजूला ‘द न्यू वेव्ह’, खरखरीत आणि जरा मोकाट. दुसऱ्या बाजूला ‘असॉल्ट’, आणि त्याच ‘न्यू वेव्ह’चं सावरलेलं रूप : ‘अलाइव्ह’, कंसात ‘न्यू वेव्ह फायनल मिक्स’. म्हणजे कच्चा खर्डा आणि पक्की प्रत एकाच तबकडीवर! आमच्या मते हीच तिची खरी गंमत. १९९७ च्या ‘होमवर्क’ अल्बमवर दोघांनी ‘न्यू वेव्ह’ घेतलं नाही, ‘अलाइव्ह’ घेतलं आणि जवळजवळ शेवटी ठेवलं, पंधराव्या जागी. त्यानंतर फक्त ‘फंक अ‍ॅड’ उरतं. तो ‘द फंक’चाच उलटा वाजवलेला तुकडा, मिनिटभराचाही नाही.

‘द फंक’लाही वेळ लागला. केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीसारखे लोक ती आपल्या सेटमध्ये वाजवू लागले, १९९६ मध्ये व्हर्जिन या मोठ्या लेबलशी करार झाला, तबकडी पुन्हा निघाली आणि १९९७ मध्ये ब्रिटिश सिंगल्सच्या यादीत सातवी आली. यातलं काहीही दोघांच्या प्रसिद्ध रोबोट-शिरस्त्राणांमुळे झालं नाही. ती पुढच्या अल्बमच्या वेळची.

लॅपटॉपवर ‘अलाइव्ह’च्या धाटणीचा ट्रॅक करतोय. फिल्टर हळूहळू उघडला, तरी अर्ध्या वाटेतच मजा संपते. शिवाय किक (बास ड्रमचा ठोका) दबते. काय चुकतं? — वाचक, वारजे

दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं आधी, कारण ते जवळजवळ सगळ्यांना होतं.

तुम्ही ऑटोमेशनची, म्हणजे सॉफ्टवेअर फिल्टर आपोआप फिरवतं ती, रेघ सरळ ओढली असणार. कान वारंवारता सप्तकांत मोजतो. समजा लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) २०० हर्ट्झपासून ३२०० पर्यंत ३२ बारांत (एक बार म्हणजे चार ठोके) उघडायचा आहे. ही चार सप्तकं झाली. काही सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशन हर्ट्झच्या हिशेबाने सरळ चालतं. मग सोळाव्या बारलाच तुम्ही १७०० वर असता, म्हणजे तीन सप्तकं संपलेली, आणि उरलेल्या सोळा बारांत एक सप्तकसुद्धा पुरतं उलगडत नाही. मजा तिथेच मरते. उपाय : दर आठ बारांनी एक सप्तक. आठव्या बारला ४००, सोळाव्याला ८००, चोविसाव्याला १६००, बत्तिसाव्याला ३२००. एवढे बिंदू ठेवून मधल्या रेघेला पोटातून खाली वाकवा. मिनिटाला १२६ ठोक्यांच्या लयीत ३२ बार म्हणजे ६१ सेकंद. विलंबित ख्यालाची बढत ऐकणाऱ्याला मिनिटभर थांबणं जड जाऊ नये.

रेझोनन्स (फिल्टरच्या कडेवरचा उठाव) निम्म्याच्या खाली ठेवा. फिल्टर सरकताना ज्या स्वरांवरून जातो तिथे आवाज अचानक फुगतो आणि चॅनेल फाटतो. म्हणून सुरुवातीलाच रिफची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीची) पातळी शिखरावर उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. मास्टरवर लिमिटर टाकून हे झाकू नका. फुगवटा दबतो, पण त्याच्याबरोबर किकही दबते, आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्या दुखण्याकडे येता.

किकचं कारण बहुधा रिफचा खालचा भाग. रिफवर १२० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास लावा. मग रिफच्या चॅनेलवर कंप्रेसर टाकून त्याच्या साइडचेनला किक जोडा, म्हणजे किक वाजली की रिफ क्षणभर दबेल : रेशो ४ ला १, अटॅक २ मिलिसेकंद, रिलीज १५० ते २००, आणि थ्रेशोल्ड इतका खाली आणा की दर ठोक्याला चार-पाच डेसिबल उतरतील. १२६ च्या लयीत दोन ठोक्यांत ४७६ मिलिसेकंद असतात. रिलीज त्याच्या जवळ नेला तर रिफ वर यायच्या आतच पुढची किक येते, आणि सगळा ट्रॅक सतत दबलेला वाटतो. साइडचेन किती लावला हे कळू नये इतकाच लावा. ‘पंप’ ऐकू येणारा आवाज हा फ्रेंच हाउसचा पुढचा अवतार. १९९४ च्या या तबकडीचा पिंड टेक्नोचा आहे.

किकचा नमुना टीआर-९०९ या ड्रम मशीनच्या धाटणीचा घ्या, आणि तिची शेपटी पुढच्या ठोक्याआधी संपेल इतकी आखूड करा. हे बहुतेकांकडून राहून जातं.

बाबांच्या जुन्या प्लेअरवर बारा इंची टेक्नो तबकडी लावली. सुई उडते, आणि गाणं संथ, जाडसर वाटतं. — वाचक, चिंचवड

संथ वाटतं, कारण तबकडी ४५ फेऱ्यांची आहे आणि प्लेअर ३३ वर आहे. मोठी तबकडी म्हणजे ३३ असा आपला समज एलपींमुळे झालेला. बारा इंची सिंगल पुष्कळदा ४५ वर असते. लेबल वाचा. गायकच नसल्यामुळे आवाजावरून चूक कळत नाही, म्हणून खूण सांगतो : १२६ ची लय ९३ वर येते आणि स्वर पाच अर्धस्वरांहून किंचित जास्त उतरतो, म्हणजे षड्जाच्या जागी जवळपास मंद्र पंचम.

सुई उडण्याचं कारण वेगळं. अशा तबकडीच्या खोबणी रुंद आणि जोरदार कापलेल्या असतात. जुन्या पेटीप्लेअरला सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं, ज्याचा भार पाच ग्रॅमच्या वर जातो. ती सुई उडतेच, शिवाय खोबणही खरवडते. अशा प्लेअरवर ही तबकडी लावू नका. चुंबकी कार्ट्रिज आणि बदलता प्रतिभार (हातामागचं सरकतं वजन) असलेला टर्नटेबल लागेल. अँटी-स्केट (हात आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली कळ) शून्यावर ठेवून हात हवेत आडवा तरंगेल इतका प्रतिभार सरकवा, तिथे आकड्याची कडी शून्यावर आणा, मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला भार लावा. सहसा दोन ग्रॅमच्या आसपास असतो. अँटी-स्केट त्याच आकड्यावर. सराफी छोट्या काट्यावर भार एकदा ताडून बघा, कड्या खोटं बोलतात.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी तबकडी घेणार असाल तर उन्हात तिरपी धरून बघा. राखाडी झाक म्हणजे खोबण झिजलेली; ती धुतल्याने जात नाही. पांढरे ठिपके असतील तर ती पावसाळ्यातली बुरशी. डिस्टिल्ड पाण्यात मऊ कापड ओलं करून गोलाकार पुसली की बहुतेक वेळा निघते. लेबल ओलं होऊ देऊ नका. तबकड्या उभ्याच ठेवा. मे महिन्यात गाडीत विसरलात तर पन्हाळं होऊन परत येईल.

‘अलाइव्ह’चे चार बार घेऊन रीमिक्स केला, फुकट टाकणार आहे, मूळ नावही देणार आहे. चालेल ना? — वाचक, औंध

नाही. ध्वनिमुद्रण आणि रचना, दोन्हींची परवानगी लागते. फुकट देणं किंवा नाव देणं हा परवाना नव्हे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९९४ ची तबकडी २०५४ अखेरपर्यंत. त्यापेक्षा वारज्याच्या वाचकासारखा स्वतःचा रिफ रचा.