वाचकांचे प्रश्न : वर्षाचे आवडते इलेक्ट्रॉनिक ट्रॅक आणि रिमिक्स

वर्षाअखेरीची यादी करायला बसलेल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : वर्षभरात ‘लाइक’ केलेले ट्रॅक दीडशेच्या वर गेले आहेत. त्यांतून २० निवडायचे आहेत, पण दर वर्षी शेवटी उरतात ते सरत्या दोन-तीन महिन्यांतले आणि दणदणीत वाजणारे ट्रॅक. शांत ट्रॅक मागे पडतात. काय चुकतं?

आधी दणदणीत ट्रॅकचं बघू, कारण तिथे कानच फसतो. क्लबसाठी मास्टर केलेला, म्हणजे शेवटची ध्वनी-प्रक्रिया केलेला, टेक्नो किंवा ड्रम अँड बेस ट्रॅक बऱ्याचदा उणे ८ ते उणे ६ एलयूएफएसच्या आसपास असतो. कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं हे एकक आहे, आणि आकडा शून्याकडे जाईल तसा आवाज मोठा. अँबियंट, म्हणजे संथ, वातावरणप्रधान ट्रॅक उणे १६, उणे १८ वरही असतो. म्हणजे आवाजाचं बटण तुम्ही हलवलं नाही तरी दोन ट्रॅकमध्ये १० डेसिबलचा फरक पडतो, आणि १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं. भर म्हणजे कमी आवाजात आपल्या कानाला खालचा बास आणि वरची हाय-हॅट दोन्ही कमी ऐकू येतात. त्यामुळे जो ट्रॅक मोठा, तोच भरीव आणि झळाळीदार वाटतो. तुमच्या यादीत मोठा आवाज जिंकतोय, संगीत नव्हे.

म्हणून निवडीला बसण्याआधी आवाज एका पातळीवर आणा. स्ट्रीमिंग ॲपच्या सेटिंगमध्ये ‘नॉर्मलायझेशन’ सुरू करा. स्पॉटिफायवर ‘नॉर्मल’ ही पातळी उणे १४ एलयूएफएस धरून चालते. इथे एक अडचण येते. हळू ट्रॅक वर उचलताना ॲप त्याचं शिखर फाटणार नाही एवढंच उचलतं. एखाद्या शांत ट्रॅकमध्ये मध्येच एक तीक्ष्ण ठोका असेल, तर तो पूर्ण ट्रॅक इतरांपेक्षा खालीच राहतो. तिथे हातानं दोन-तीन डेसिबल वाढवा. फाइली स्वतःच्या असतील तर फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये ‘रिप्लेगेन’ (प्रत्येक फाइलचा मोठेपणा मोजणारं) स्कॅन करून घ्या आणि वाजवताना ‘ट्रॅक’ मोड ठेवा. ‘अल्बम’ मोड अल्बममधल्या गाण्यांचे आपसातले चढउतार तसेच ठेवतो. अल्बम ऐकताना ते योग्यच आहे, पण तुलनेसाठी उपयोगाचं नाही.

आता महिन्यांचा प्रश्न. दीडशे ट्रॅक एका ढिगात न ठेवता प्रकाशनाच्या महिन्यानुसार १२ प्लेलिस्ट करा आणि पहिल्या फेरीत प्रत्येकीतून जास्तीत जास्त ४ ट्रॅक पुढे न्या. फार तर ४८ उरतील. हे ४८ आठवडाभर बाजूला ठेवा, मग शफल लावून, स्क्रीनकडे न बघता ऐका. कलाकाराचं नाव दिसलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. ‘किती वेळा वाजवलं’ हा आकडा विसरलेले ट्रॅक आठवायला चांगला, क्रम लावायला वाईट. जानेवारीतल्या ट्रॅकला त्यात ११ महिन्यांची आघाडी मिळते, आणि काम करताना मागे लावलेलं संगीत उगाच वर येतं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा : प्रत्येक ट्रॅक पूर्ण ऐकायचा. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या वेगाला, ३२ बार (एका बारमध्ये ४ ठोके) म्हणजे बरोबर १ मिनिट, आणि हाउस-टेक्नोच्या लांब आवृत्तीत पहिलं मिनिटभर नुसते ड्रम असणं अगदी सामान्य आहे, कारण ते डीजेला आधीच्या ट्रॅकवर चढवण्यासाठी ठेवलेले असतात. पहिल्या ३० सेकंदांवर निकाल दिलात, तर ट्रॅक सुरू होण्याआधीच तो बाद होतो.

प्रश्न : माझ्या २० मध्ये ९ रिमिक्स आले आहेत. मूळ ट्रॅकच्याच यादीत ठेवू की वेगळे काढू? आणि चांगलं रिमिक्स ओळखायचं कसं?

वेगळे काढा. मूळ ट्रॅकला आपण विचारतो, ‘काय रचलं?’ रिमिक्सला विचारायचं असतं, ‘हातात आलेल्या सामग्रीचं काय केलं?’ दोन्ही प्रश्न एका क्रमवारीत बसत नाहीत.

नावातले शब्दही नीट वाचा. ‘एक्स्टेंडेड’ म्हणजे तोच ट्रॅक, फक्त सुरुवात-शेवट लांबवलेला. ‘एडिट’ म्हणजे तयार रेकॉर्डिंगची कापाकापी आणि पुनर्मांडणी. ‘डब’मध्ये गायन जवळजवळ काढून ड्रम, बास आणि प्रतिध्वनी पुढे आणलेले असतात. ही रीत जमैकातल्या स्टुडिओंमधून आली. ‘व्हीआयपी’ म्हणजे निर्मात्यानं स्वतःच्याच ट्रॅकचं केलेलं नवं रूप. खरं रिमिक्स म्हणजे मूळ ट्रॅकचे सुटे भाग, म्हणजे स्टेम्स, घेऊन केलेली नवी बांधणी. ‘बूटलेग’ म्हणजे परवानगीशिवाय केलेलं. ते कायम बेकायदा राहतं असंही नाही. गायिका सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ १९८७ च्या अल्बमवर नुसत्या आवाजात होतं. १९९० मध्ये डीएनए या जोडीनं न विचारता त्याखाली ठेका घातला आणि शेवटाकडची गुणगुण उचलून तिचा मुख्य हूक, म्हणजे मनात घोळणारा तुकडा, केला. पुढे मूळ कंपनीनंच ती आवृत्ती अधिकृतपणे काढली. वर्षाच्या यादीत बूटलेग घ्यायला आमची हरकत नाही. फक्त तसं स्पष्ट लिहा, कारण तो ट्रॅक कधीही काढून टाकला जाऊ शकतो.

परीक्षेसाठी रिमिक्स आणि मूळ ट्रॅक लागोपाठ, समान आवाजात ऐका. सगळ्यात आधी कान द्या गायनाकडे. मूळ वेग आणि रिमिक्सचा वेग यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताणलेल्या आवाजाच्या खुणा दिसू लागतात : ‘स’ आणि ‘त’ची धार बोथट होते, लांबवलेला स्वर किंचित खडबडीत थरथरतो. चांगला रिमिक्सर अशा वेळी गायनाचे तुकडे करतो, ओळींमधली जागा बदलतो किंवा ठेका अर्ध्या वेगाचा ठेवतो. मग त्याच गायनाखालच्या कॉर्ड बदलल्या आहेत का ते बघा. सुरावट तीच, पण खाली मेजरऐवजी मायनर आली की ओळीचा अर्थच फिरतो. रिमिक्समधलं हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर काम. शेवटची कसोटी साधी : गायन नसलेला मधला भाग तेवढाच लावा. तिथेही ऐकत राहावंसं वाटलं तर रिमिक्स स्वतःच्या पायावर उभं आहे. नाहीतर तुम्हाला आवडतंय ते मूळ गाणंच.

फार बदललं म्हणजेच चांगलं, हा मात्र गैरसमज आहे. एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडीचं ‘मिसिंग’ १९९४ मध्ये आलं. डीजे-निर्माता टॉड टेरीनं गायन बरंचसं तसंच ठेवून त्याखाली हाउसचा ठेका घातला आणि १९९५ मध्ये जगभर गाजली ती हीच आवृत्ती. दुराव्याची ओळ आणि थांबायचं नाव न घेणारा किक (खालच्या मोठ्या ड्रमचा ठोका) यांचा ताण, एवढ्यावर ते रिमिक्स उभं आहे.

प्रश्न : जुन्या अल्बमचं पुनर्प्रकाशन, मागच्या वर्षीच्या ट्रॅकचं यंदाचं रिमिक्स, सिंगल मागच्या वर्षी आणि अल्बम यंदा, हे सगळं कोणत्या वर्षात धरायचं?

ती विशिष्ट आवृत्ती पहिल्यांदा रीतसर प्रकाशित झाली ते वर्ष धरा. मागच्या वर्षीच्या ट्रॅकचं यंदाचं रिमिक्स यंदाचं. मागच्या वर्षीचं सिंगल यंदाच्या अल्बमवर आलं तरी मागच्याच वर्षाचं. एखाद्या डीजेनं सेटमध्ये आधी वाजवलं, हे प्रकाशन नव्हे.

पुनर्प्रकाशनासाठी स्वतंत्र छोटा कप्पा ठेवा. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीबी-३०३ (बास-सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) या यंत्रांवर केलेला रागांचा डिस्को अल्बम १९८२ चा. बहुतेकांच्या कानी पडला तो २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर. तो २०१० च्या मुख्य यादीत घातला तर सगळा इतिहासच चुकतो, कारण त्याचं महत्त्वच १९८२ मध्ये आहे.

स्ट्रीमिंग ॲपवरची तारीख बऱ्याचदा पुनर्प्रकाशनाची असते, म्हणून डिस्कॉग्ज किंवा म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या माहितीकोशांवर पडताळा. प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणाऱ्या आयएसआरसी या १२ अक्षरी कोडमधले सहावे-सातवे आकडे वर्ष दाखवतात, पण ते कोड दिल्याचं वर्ष. जुन्या रेकॉर्डिंगला उशिरा कोड मिळालेला असू शकतो.

प्रश्न : निवडलेल्या २० ट्रॅकचा एक सलग मिक्स करायचा आहे. वेग १२२ ते १७४ बीपीएम आहेत. जोड लावताना कधी किक दुहेरी ऐकू येतो, कधी सूर भांडतात.

दुहेरी किकचं कारण बहुतेक वेळा बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरनं ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या रेघा. सॉफ्टवेअरनं काढलेल्या वेगावर विसंबू नका. १७४ चा ट्रॅक ते सर्रास ८७ दाखवतं. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठी करून पहिल्या किकच्या अगदी सुरुवातीला ग्रिडची रेघ लावा आणि मग ट्रॅकच्या शेवटाला जाऊन बघा. तिथे रेघ सरकलेली असेल तर वेग पूर्णांकात नाही. खरा वेग १२७.९८ आणि ग्रिड १२८ असेल, तर ६ मिनिटांनंतर ५६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. एवढ्यात दोन किक स्पष्ट वेगळे ऐकू येतात.

सुरांचं भांडण दोन कारणांनी होतं. एक, जुळणारी पट्टी नसणं. डीजे वापरतात त्या कॅमेलॉट चक्रात प्रत्येक पट्टीला आकडा-अक्षर दिलेलं असतं, त्यात ८ए म्हणजे ए मायनर. त्याच्याशी ७ए, ९ए आणि ८बी सहज जुळतात. दुसरं कारण लक्षात येत नाही : ‘की लॉक’ (वेग बदलला तरी पट्टी धरून ठेवणारी सोय) बंद असताना वेग वाढवला की पट्टीही चढते. साधारण ६ टक्क्यांना एक अर्धस्वर. १२४ चा ट्रॅक १३२ ला नेला की ८ए राहत नाही, ३ए होतो. की लॉक सुरू ठेवलं तर पट्टी टिकते, पण ४-५ टक्क्यांपुढे किकचा कडकपणा मऊ पडायला लागतो. त्यामुळे दोन शेजारी ट्रॅकमधला फरक ३ टक्क्यांच्या आत राहील असा क्रम लावणं सगळ्यात उत्तम.

१२२ पासून चढत १३० पर्यंत हे जमेल. १३० ते १४० आणि १४० ते १७४ या उड्या ताणून मारू नका. तिथे ठेका नसलेला अँबियंट ट्रॅक ठेवा, किंवा जाणाऱ्या ट्रॅकच्या शेवटच्या ४ ठोक्यांना एको देऊन तो विरू द्या आणि नवा ट्रॅक पहिल्या ठोक्यावर स्वच्छ सुरू करा.

जोड नेहमी ३२ ठोक्यांच्या हद्दीवर लावा. १२८ बीपीएमला ही हद्द दर १५ सेकंदांनी येते. येणाऱ्या ट्रॅकचा लो ईक्यू, म्हणजे बासचं बटण, पूर्ण खाली ठेवून तो चढवा आणि पुढच्या हद्दीवर एकाच वेळी जुन्याचा लो बंद, नव्याचा लो सुरू. दोन बासलाइन एकत्र वाजल्या की चिखल होतो. दोन गायनं कधीच एकमेकांवर येऊ देऊ नका. दोन्ही चॅनल ६ डेसिबल खाली ठेवून रेकॉर्ड करा, कारण दोन शिखरं एकत्र आली तर तेवढी वाढ होऊ शकते. एकूण पातळी शेवटी वर आणता येते, फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

प्रश्न : एकच ट्रॅक हेडफोनवर जबरदस्त आणि खोलीतल्या स्पीकरवर पोकळ का वाटतो?

तुम्ही बहुधा खोलीच्या बरोबर मध्यावर बसत असाल. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला उभी लहर तयार होते आणि मध्यावर तिचा दाब जवळजवळ शून्य असतो. टीआर-८०८ च्या धाटणीचा लांब किक नेमका त्या परिसरात, ५० हर्ट्झच्या आसपास असतो. खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे दीड मीटरवर आणा आणि पुन्हा ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र बासचा निकाल कधीच देऊ नका. तिथे मूळ कंपनं पोहोचतच नाहीत, ऐकू येतात ते फक्त त्यांचे वरचे हार्मोनिक्स. त्यामुळे शुद्ध साइन लहरीचा बास फोनवर गायब होतो आणि विकृती दिलेला बास टिकतो.

प्रश्न : विकत घेतलेली फ्लॅक फाइल खरंच लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळलेली, आहे का, हे कसं तपासायचं?

स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचं चित्र) दाखवणाऱ्या स्पेकसारख्या प्रोग्राममध्ये ती उघडा. १६ किलोहर्ट्झला आडवी, सुरीनं कापल्यासारखी सरळ सीमा दिसली तर बहुधा १२८ केबीपीएसच्या एमपी३ वरून केलेली. २० च्या आसपास असेल तर ३२० ची शंका घ्या. सीमा हळूहळू विरत असेल तर काळजी नको. मंद अँबियंट ट्रॅकमध्ये वर फारसं काही नसतंच. फाइलचा आकार पुरावा ठरत नाही. बनावट फ्लॅकही एमपी३ पेक्षा बरीच मोठी असते.

प्रश्न : प्रत्येक ट्रॅकबद्दल दोन-तीन ओळी लिहायच्या आहेत. सगळीकडे ‘अफलातून बीट’ हेच लिहिलं जातं.

घड्याळ बघत लिहा. ट्रॅकमध्ये तुमचे कान टवकारले ती जागा मिनिट-सेकंदात शोधा आणि तिथे नेमकं काय बदलतं ते सांगा. ‘३:१० ला किक थांबतो, पण बासलाइन थांबत नाही, ८ बार ती एकटी चालते आणि परत आलेला किक आधीपेक्षा कोरडा, रिव्हर्ब नसलेला असतो,’ असं लिहिलं की वाचणारा तिथे जाऊन ऐकतो. बदल सापडत नसेल तर काय बदलत नाही ते बघा : कितीतरी मिनिमल ट्रॅक सहा मिनिटं एकाच फिल्टरच्या संथ उघडण्यावर चालतात, आणि ते सांगण्यासारखंच असतं. नाव लिहिताना रिमिक्सरचं नाव, आवृत्ती आणि कालावधी तिन्ही द्या. एकाच ट्रॅकची ३ मिनिटांची रेडिओ एडिट आणि ७ मिनिटांची एक्स्टेंडेड शोधात शेजारी-शेजारी येतात, आणि तुम्ही लिहिलेलं ३:१० फक्त त्यातल्या एकीतच सापडतं.