हात दिसू द्या, पोझ नको

डेटिंग ॲपवरच्या प्रोफाइलसाठी छंदाचे फोटो कसे काढायचे, याबद्दल कोल्हापुरातल्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले निवडक या अंकात घेतले आहेत. वेगळा कॅमेरा कुणाकडे नाही असं धरूनच उत्तरं दिली आहेत. खिशातला फोन पुरतो.

प्रश्न : मी हौसेने तबला वाजवतो. घरी भावाने काढलेल्या फोटोत हात पुसट येतात, कपाळ मोठं दिसतं, चेहरा पिवळा पडतो आणि कधीकधी आडव्या काळ्या पट्ट्याही उमटतात. फोन बदलावा का? (राजारामपुरी)

उत्तर : फोन राहू द्या, खोलीतला दिवा बंद करा. चारपैकी तीन तक्रारी त्या दिव्याच्या आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग जास्त असला की फोटोत पट्ट्या उतरतात. दिव्याखालीच काढायची वेळ आली तर प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची मापं हाताने ठरवायची सोय) शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्ट्या जातील. मात्र मग बोटं पुसट येणारच. चालू ठेक्यातली बोटं स्थिर दिसायला १/२५० तरी लागतं, आणि घरात तेवढा उजेड खिडकीच देते.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन आत येत नाही अशा खिडकीपासून तीन-चार फुटांवर बसा. खिडकी पाठीशी नको आणि अगदी समोरही नको. ती उजव्या अंगाला घ्या. उजेड तिरका आला की शाई (तबल्यावरचा काळा गोल) चमकते, वादीचे (बाजूच्या चामडी पट्ट्यांचे) पीळ उठून दिसतात आणि चेहऱ्याला एका बाजूने उजाळा मिळतो. डग्ग्याकडची (डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याकडची) बाजू फारच काळी पडत असेल तर डावीकडे खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाका.

कपाळ मोठं दिसतं, कारण भाऊ उभा राहून काढतो. त्याला खाली बसवा. फोन जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर हवा आणि अंतर सहा-सात फूट ठेवून २ पट झूम घ्यावा. अगदी जवळून बिनझूम काढला की पुढचा डग्गा हंड्याएवढा दिसतो आणि त्यामागे तुम्ही हरवता.

वाजवण्याचं सोंग मात्र करू नका. खरंच कहरवा धरा, पाच मिनिटं वाजवत राहा आणि त्याला तीस-चाळीस फोटो काढू द्या. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर (तबल्याच्या कडेच्या पट्टीवर) पडते, अनामिका शाईच्या कडेला टेकलेली असते. हे टेकलेलं बोट फोटोत आलं की काम झालं. दोन्ही पंजे शाईवर थापून कॅमेऱ्याकडे बघत हसणारा माणूस जाणकाराला लगेच कळतो, आणि तुम्हाला प्रोफाइलवर थांबायला हवी आहे ती जाणकारच.

आणखी एक. सेल्फी काढणार असाल तर सेटिंगमध्ये ‘मिरर’ बंद करा. नाहीतर तबला डाव्या हाताला जातो आणि तुम्ही फुकटचे डावरे ठरता.

प्रश्न : मी स्केचिंग करते. संध्याकाळी रंकाळा चौपाटीवर मैत्रिणीने फोटो काढले. मागे पाणी सुरेख आलं, पण माझा चेहरा काळाकुट्ट. चेहऱ्यावर बोट टेकवून काढलं तर आकाश पांढरंफटक. (शिवाजी पेठ)

उत्तर : वेळ चुकली. चौपाटी तलावाच्या पूर्वेला आहे, शालिनी पॅलेस पलीकडच्या काठावर पश्चिमेला. पाण्याकडे पाठ करून तुम्ही कठड्यावर बसलात की संध्याकाळी सूर्य तुमच्या मागे असतो. फोनला एकतर आकाश सांभाळता येतं, नाहीतर चेहरा. तीच जागा सकाळी घ्या. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात ऊन समोरून, तिरकं आणि मऊ येतं, मागे पाणी निळसर राहतं. वर फिरायला येणाऱ्यांची गर्दीही चौपाटीवर संध्याकाळइतकी नसते.

संध्याकाळचाच रंग हवा असेल तर काटकोनात वळून बसा, म्हणजे ऊन एका गालावर येईल, आणि वही मांडीवर सपाट न ठेवता थोडी चेहऱ्याकडे कलती धरा. पांढरा कागद खालून उजेड फेकतो आणि डोळ्यांखालच्या सावल्या हटतात. त्यासाठी निदान ए-४ आकाराची वही हवी. खिशातल्या छोट्या वहीने फरक पडत नाही. फोकस चेहऱ्यावर लावून, बोट टेकवल्यावर शेजारी येणारी उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर अजून थोडी खाली.

चित्र अर्धवट असलेलं बरं. कोरा कागद पोझ वाटतो आणि पूर्ण झालेल्या चित्रावर टेकवलेली पेन्सिल त्याहून जास्त. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. निघायची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

प्रश्न : पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. माझ्याकडे फोटो आहेत ते सगळे संघाचे, नाहीतर मित्रांनी शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून काढलेले. त्यात मी ठिपक्याएवढा. पहिला फोटो कुठला लावू? (मंगळवार पेठ)

उत्तर : यातला एकही नको. सोळा जणांच्या फोटोत तुम्ही कोण हे शोधायला कुणी थांबत नाही, आणि शोधलंच तर शेजारचा जास्त आवडण्याचा धोका आहे! गॅलरीतून १० पट झूम केलेला फोटो म्हणजे कापून ताणलेलं चित्र. बहुतेक फोनचं भिंग खरं फार तर दोन किंवा तीन पटीचं असतं, पुढचं सगळं फोनने रंगवलेलं.

सामन्यात नको, सरावाला काढा. मित्राला मैदानाच्या कडेला गुडघ्यावर बसवा, सूर्य त्याच्या पाठीशी असू द्या, अंतर २० ते २५ फूट आणि झूम २ किंवा ३ पट. तुम्ही त्याच्या दिशेने, पण थोडं तिरकं, चेंडू घेऊन या. प्रो मोड असेल तर शटर १/१०००, आयएसओ (उजेड किती तीव्र टिपायचा ते माप) ऑटो. नसेल तर बर्स्ट लावून एका दमात दहा-पंधरा फोटो घ्यायचे. साडेपाच-सहा वाजून गेल्यावर ऑटोवर ठेवलेला फोन शटर आपणहून १/६० पर्यंत उतरवतो आणि पायाच्या जागी पुसट डाग येतो, म्हणून उजेड असतानाच उरका. निवडताना नजर चेंडूवर, चेंडू पायापासून फूटभरात आणि चेहरा निम्मा तरी दिसतोय असा फोटो ठेवा. चेंडू कडेला कापला गेलेला फोटो कितीही झकास असला तरी बाद.

मोबाइल उभाच धरा. ॲपवर फोटो उभा दिसतो आणि खालच्या भागावर तुमचं नाव-वय येतं, त्यामुळे बूट आणि चेंडू अगदी तळाला ठेवू नका, खाली थोडं मैदान सोडा. सामन्याची जर्सी घालावी का, हा निर्णय विचार करून घ्या. कोल्हापुरात जर्सीवरून पेठ कळते आणि पेठेत गेल्यावर घर सापडायला वेळ लागत नाही. सरावाचा साधा टी-शर्ट पुरे.

प्रश्न : जिमच्या आरशातले सेल्फी चालतात का? मी तालमीतही जातो. (शुक्रवार पेठ)

उत्तर : आरशातले नकोत, त्यात छंद दिसत नाही, फोन दिसतो. तालमीतला घ्या, पण आधी वस्तादांना विचारा, आणि काढणाऱ्याने चप्पल घालून हौद्यात (कुस्तीच्या मातीत) पाय टाकायचा नाही. सकाळी खिडकीतून किंवा दारातून येणाऱ्या उजेडाकडे कुशी करून जोर मारा. अंगावर उडालेली तांबडी माती त्या उजेडात सुरेख दिसते. फ्लॅश मारलात तर घाम तेवढा चमकेल. दुसऱ्या पैलवानाचा चेहरा येत असेल तर त्याची परवानगी घ्या, नाहीतर फोटो कापा.

प्रश्न : रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा मीच करतो. चव घरच्यांनी मान्य केली आहे, फोटो मात्र खानावळीच्या भिंतीवरल्या जुन्या पोस्टरसारखे येतात. (कसबा बावडा)

उत्तर : फ्लॅश आणि फोनमधला ‘फूड’ मोड, दोन्ही बंद. हा मोड लाल रंग आणखी भडक करतो; तांबडा मुळातच लाल, त्यामुळे तवंग आणि रस्सा एकजीव होऊन लाल रंगाचा नुसता थर दिसतो. खिडकीकडे वाटी ठेवून बाजूने, साधारण ४५ अंशांतून काढा. तवंगावर खिडकीची छोटी चमक आली की रस्सा पातळ, गरम आणि ताजा आहे हे कळतं. पांढऱ्याचं उलट. फ्रेममध्ये पांढरं जास्त आलं की फोन स्वतःहून उजेड कमी करतो आणि रस्सा राखाडी पडतो. तिथे उजेडाची पट्टी थोडी वर न्या, प्रो मोडमध्ये अधिक ०.३ ते ०.७. पिवळ्या बल्बखाली तर पांढरा काढूच नका. तो कढीसारखा दिसेल.

वाफ हवी असेल तर मागे काहीतरी गडद पाहिजे आणि उजेड मागून किंवा बाजूने. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ दिसत नाही. पातेल्याचं झाकण काढल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत काढून घ्या.

पण नुसत्या ताटाचा फोटो हॉटेलचाही असू शकतो. त्यात तुम्ही हवेत. वाटण परतताना काढा: डाव्या हाताने पातेल्याचा काठ सांडशीत धरलेला, उजव्या हातात उलथनं, नजर वाटणावर. फोन काढणाऱ्याने ओट्याच्या टोकाला, तुमच्या कोपराच्या उंचीवर धरायचा. स्टीलच्या डब्यांत काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडतं, ते आधी हटवा. भिंतीवरचं दूधवाल्याचं कॅलेंडर राहिलं तर हरकत नाही, त्यावर फोन नंबर लिहिलेले नसले म्हणजे झालं.

प्रश्न : पन्हाळ्यावर पावसाळ्यात काढलेले ट्रेकचे फोटो मळकट का येतात? (फुलेवाडी)

उत्तर : धुक्यामुळे. फोनला सगळीकडे पांढरं दिसतं, तो उजेड कमी करतो आणि धुकं करडं होतं. उजेड अधिक ०.७ ते १ करा, लाल किंवा पिवळा रेनकोट घाला आणि काढणाऱ्यापासून दहा-बारा फुटांपलीकडे जाऊ नका. गाडीतल्या एसीतून बाहेर आल्यावर भिंगावर बाष्प धरतं. पाच-सात मिनिटं थांबून सुती कापडाने पुसा, ओल्या रुमालाने नको. तटाच्या कडेवर, शेवाळलेल्या दगडावर चढून काढलेल्या फोटोला आम्ही शून्य गुण देतो.

प्रश्न : मी घरी चाकावर मातीची भांडी करते आणि मुलांचे वर्गही घेते. ॲपवर जायचं आहे, पण इथे सगळे एकमेकांना ओळखतात. चेहरा न दाखवता फक्त छंदाचे फोटो लावले तर? (रुईकर कॉलनी)

उत्तर : नुसते हातच दिसले तर खातं खोटं वाटतं आणि लोक पुढे जातात. मधला मार्ग तुमच्या छंदातच आहे. मातीची भिंत वर ओढताना मान आपसूक खाली जाते. बाजूने काढलं तर चेहरा निम्मा दिसतो, हात पूर्ण दिसतात. शटर १/३० च्या आसपास ठेवून फोन स्टुलावर टेकवा. हात स्थिर राहतात, चाक फिरताना दिसतं. ओल्या मातीवर खिडकीचा उजेड पडू द्या. असे दोन फोटो आणि एक समोरून, स्पष्ट चेहऱ्याचा, एवढं हवंच. चेहऱ्याचा पहिला लावायचा नसेल तर तिसरा लावा.

ओळखीच्यांसाठी टिंडर आणि हिंजवर फोनमधले नंबर आधीच ब्लॉक करता येतात. खातं उघडल्याबरोबर ते करा. तरीही कुणी पाहिलंच, तर पाहणारा मावसभाऊही ॲपवरच असतो, हे विसरू नका.

खरी काळजी वेगळीकडे घ्यायची. इन्स्टाग्रामवर किंवा वर्गाच्या जाहिरातीत वापरलेला फोटो इथे लावू नका. गूगल लेन्समध्ये टाकला की नाव, पत्ता, वर्गाची वेळ सगळं निघू शकतं. ॲपसाठी फोटो नवेच काढा. मागे वर्गाचा फलक, दारावरची पाटी, गाडीचे एमएच ०९ च्या पुढचे आकडे आणि मुलांचे चेहरे नकोत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. कुणाला मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलीत तर फोटोबरोबर जागेची नोंदही जाऊ शकते.

प्रश्न : फोटो काढायला कुणाला सांगायची लाज वाटते. एकट्याने जमेल? (उचगाव)

उत्तर : जमेल. टायमर लावून पळत जाऊन बसण्यापेक्षा व्हिडिओ लावा. ४के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, प्रोफाइलला ते भरपूर. फोन उभा, डोळ्यांच्या किंवा हाताच्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा. फोन मागच्या कॅमेऱ्याने लावा. स्वतःला पडद्यावर बघत बसलात की नजर तिकडेच जाते. दहा मिनिटं नेहमीसारखं काम करा. मग व्हिडिओ थांबवत थांबवत पाहा आणि हाताची हालचाल क्षणभर थांबते तिथली फ्रेम घ्या, कारण तिथेच ती स्पष्ट असते. प्लेअरमध्ये फ्रेम सेव्ह करायची सोय असेल तर तीच वापरा. स्क्रीनशॉट फक्त पडद्याच्या आकाराचा येतो आणि वर बॅटरीची खूण राहते ती वेगळीच. खोलीत उजेड कमी असेल तर सगळ्याच फ्रेम पुसट निघतील, म्हणून हेही काम खिडकीजवळ आणि दिवसाच करा.