व्हायरल लोड टीएनडी आला, मग सिगारेट-दारू चालते का? तुमचे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, तुर्भे, कुठूनही प्रश्न येऊ देत, गोंधळ तोच. एचआयव्हीचे उपचार चालू आहेत, व्हायरल लोड टीएनडी आला (म्हणजे तपासणीत व्हायरस सापडला नाही इतका दबला), काउंट (सीडी4, प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढला, म्हणजे आता कसंही वागलं तरी चालतं. नाही चालत. म्हणून या वेळी हार्टबद्दलचेच प्रश्न घेतलेत, नावं अर्थातच काढून.

प्रश्न : रोज एक ग्लास रेड वाईन हार्टला चांगली म्हणतात. आमच्यासारख्यांना चालेल का? (ऐरोली)

नाही. हार्टसाठी म्हणून दारू सुरू करायची नसते, कुणीच.

प्रश्न : सिगारेट सोडून व्हेप घेतलं तर? (सानपाडा)

व्हेपवर 2019 पासून देशात बंदी आहे, चोरून विकतात त्यात काय भरलंय कुणालाच माहीत नाही. हुक्का पण नको.

प्रश्न : मॅडम, वय 43, टीएलडी (एचआयव्हीची रोजची गोळी) एकदाही चुकवली नाही, टीएनडी आहे, काउंट 700 च्या वर. दिवसाला फक्त दोन-तीन सिगारेट होतात, त्या पण ऑफिसच्या ब्रेकमध्ये. एवढ्याने काय होणार? (वागळे इस्टेट)

गोळ्या रेग्युलर घेताय हे खरंच कौतुकाचं आहे, पण हे "फक्त" ऐकलं की माझा जीव वर-खाली होतो. नीट वाचा. व्हायरस दबलेला असला तरी शरीरात बारीक सूज चालूच राहते, ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देते, त्यामुळे तुमच्याच वयाच्या एचआयव्ही नसलेल्या माणसापेक्षा तुम्हाला अटॅकचा धोका साधारण दीड ते दोन पट असतो. हे सिगारेट न ओढता. आता त्यावर तुम्ही सिगारेट टाकताय. डेन्मार्कमध्ये 2013 साली एक अभ्यास छापून आला, एचआयव्हीचे उपचार व्यवस्थित चालू असलेल्या लोकांचा. त्यात पस्तिशीतल्या माणसाच्या आयुष्यातली एचआयव्हीमुळे जाणारी वर्षं साधारण 5 निघाली आणि सिगारेटमुळे जाणारी 12. ज्या आजाराचं नाव घ्यायला घर घाबरतं त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं टपरीवरची सिगारेट खाते, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही! तुम्ही काउंट विचारता, आम्ही पण काउंटच बघतो, हार्टकडे बघायचं राहून जातं.

आणि दोन-तीन म्हणजे कमी, हा हिशोबच चुकीचा आहे. दिवसाला एक ओढणाऱ्याला सुद्धा वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा जादा हार्टचा धोका राहतो, 2018 मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून हे दाखवलंय. म्हणजे कमी करून भागत नाही, बंदच करावी लागते. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाईन फुकट आहे, तुमच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) सेंटरमधल्या समुपदेशकांशी बोला, निकोटिन गम-पॅच पण मिळतात. फक्त सिगारेट सोडायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण एफाविरेन्झ किंवा रिटोनाविर ही एचआयव्हीची औषधं चालू असतील तर त्यातली बुप्रोपिऑन ही गोळी रक्तात कमी पडते. आधी डॉक्टरांना विचारा, पण याच महिन्यात विचारा, दिवाळीनंतर बघू असं नको.

प्रश्न : मी सिगारेट ओढत नाही, सकाळी फक्त मिश्री लावते. ती धरायची का? (कळवा)

धरायची. तंबाखू जाळून दाताला लावली तरी निकोटिन रक्तात जातंच, बीपी वाढतं. तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये पण अटॅक जास्त दिसतात. पुढच्या व्हिजिटला बीपी आणि शुगर तपासून घ्या ताई.

प्रश्न : ज्या रात्री बसायचं असतं त्या रात्री गोळी घेत नाही, दोन्ही मिक्स झालं की लिव्हर जातं असं मित्र म्हणाला. बरोबर ना? (तुर्भे, मार्केट)

साफ चूक. पिणं तर वाईट आहेच, पण पिऊन गोळी चुकवणं त्याहून वाईट. टीएलडी आणि दारू पोटात एकत्र गेल्याने विष होत नाही. गोळी सुटत गेली की व्हायरस वर येतो, रेझिस्टन्स येऊ शकतो (औषध लागू पडेनासं होतं), आणि उपचार मध्येच थांबवणाऱ्यांमध्ये हार्टचे त्रास सुद्धा वाढले हे 2006 मध्येच एका मोठ्या ट्रायलमध्ये दिसलंय. गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची, प्यायला असलात तरी. अबाकाविर हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर मात्र वेगळं बोलावं लागेल, दारूने ते रक्तात वाढतं आणि हार्टच्या बाबतीत त्या औषधावर आधीच प्रश्नचिन्ह आहे. दारूने बीपी, ट्रायग्लिसराईड वाढतात, ठोके बिघडतात, म्हणून सोडायला हवीच, पण रोज क्वार्टर लागत असेल तर एका झटक्यात बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

प्रश्न : लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मधाचा काढा, ब्लॉकेज निघतात म्हणून व्हॉट्सॲपवर आलाय. एक जण बाटलीबंद घरपोच पण देतो. (कोपरखैरणे)

नाही निघत. ब्लॉकेज म्हणजे मोरीच्या पाईपात अडकलेला कचरा नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत साठलेली चरबी आणि कॅल्शियम असतं ते, काढा तिथे पोचतच नाही. बाटली विकणाऱ्याला तुमची भीती माहीत आहे, तो तीच विकतोय. वर काही हर्बल औषधांनी एआरटीचा परिणाम कमी होतो, त्यामुळे सेंटरला विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

प्रश्न : मिस्टर 47 वर्षांचे आहेत. परवा रात्री छाती दाबल्यासारखी झाली, घाम आला, ईनो घेऊन बरं वाटलं. दवाखान्यात नेलं तर एचआयव्हीचं सांगावं लागेल म्हणून थांबलो. काय करावं? (घोडबंदर रोड)

वाचलं त्या क्षणी त्यांना घेऊन निघा. तुम्हाला वेगळं कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, याला गॅस म्हणायचा अधिकार ईसीजी आणि रक्ततपासणी झाल्यावरच. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी परत काढावा लागू शकतो. परत दुखलं तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा, घोडबंदरचं ट्रॅफिक माहीत असताना तर एक मिनिट पण घालवू नका. आणि कॅज्युअल्टीत एचआयव्ही लपवू नका, कारण अटॅकमध्ये देतात त्या टिकाग्रेलोरसारख्या गोळ्या रिटोनाविरसोबत चालत नाहीत. एआरटीचं पाकीट सोबत न्या. 2017 च्या कायद्याने एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, माहिती पण गुप्त ठेवावी लागते. कुणी टाळाटाळ केली तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाईनवर विचारा.

प्रश्न : कोलेस्टेरॉल नॉर्मल असून डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) लिहिलंय. मेडिकलवाला म्हणतो गरज नाही. (वाशी)

मेडिकलवाल्याने औषध द्यावं, सल्ला नाही. 2023 मध्ये 40 ते 75 वयाच्या, एचआयव्हीचे उपचार चालू असलेल्या 7,700 हून जास्त लोकांवरची ट्रायल आली, भारतातले लोक पण होते त्यात. हार्टचा धोका फार नसलेल्यांना रोज पिटावास्टॅटिन दिलं तर अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. तुमच्या डॉक्टरांनी त्याच विचाराने लिहिलं असणार. पण स्टॅटिन सगळी सारखी नसतात, सिम्वास्टॅटिन रिटोनाविरसोबत अजिबात नको. घरातली सगळी पाकिटं, शुगरची आणि जिमची पावडर धरून, एका पिशवीत घालून त्यांना दाखवा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी असेल तर मुद्दाम सांगा, टीएलडीतल्या डोल्युटेग्राविरसोबत त्याच्या डोसला मर्यादा असते.