आइस हॉकीत खेळाडू पकवर इतका ताबा कसा मिळवतात?

बरंचसं काम बर्फाबाहेरच होतं, गुळगुळीत फरशीवर. पक, म्हणजे खेळातली सपाट गोल चकती, असतो साधारण १७० ग्रॅमचा, कडक रबराचा. तो काठीच्या पात्यावर आहे की निसटला, हे डोळ्यांनी नव्हे, हातांना कळायला हवं. खाली बघत खेळणाऱ्याला ना मोकळा सहकारी दिसतो, ना समोरून येणारी धडक. म्हणून मान वर ठेवून सराव करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खरी मेख वरच्या हातात आहे. काठीच्या टोकावरचा हात मनगटातून पातं वळवतो आणि पक दोन्ही बाजूंनी झाकून घेतो. खालचा हात सैलच हवा, काठी त्यात सहज फिरली पाहिजे. नवशिके नेमकं उलटं करतात: खालच्या हाताने घट्ट आवळतात आणि पक नुसता ढकलत राहतात. यावर उपाय म्हणजे फक्त वरच्या हाताने काठी धरून गोल्फचा किंवा लाकडी चेंडू डावी-उजवीकडे हलवत राहणं. कोपर मात्र अंगाला चिकटलेलं नको.

काठीची लांबीही तपासा. स्केट्स घातल्यावर ती साधारण हनुवटीपर्यंत यावी.

मग अडथळे. दिग्गज आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की लहानपणी कॅनडातल्या ब्रँटफर्डमध्ये, वडिलांनी घरामागे केलेल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, डबे मांडून त्यांच्यामधून पक काढायचे. पण डबे अंगावर धावून येत नाहीत, त्यामुळे लहान जागेत दोन-दोन किंवा तीन-तीन जणांचे सामने खेळायलाच हवेत.