विद्यापीठाच्या आवारातली कंपनी म्हणजे नोकरी पक्की?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गुंतल्या आहेत. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या रिसर्च पार्कमधल्या बारा माणसांच्या जनावरांच्या लशी बनवणाऱ्या कंपनीत जावं का, हा तुमचा प्रश्न. आणि "विद्यापीठाच्या आवारात आहे, म्हणजे निमसरकारीच की" हे तुमच्या वडिलांचं म्हणणं. मी एम्समध्ये (Ames, या विद्यापीठाचं गाव) नऊ वर्षं काढली, त्यातली चार याच पार्कात. आधी बाबांचा गैरसमज काढतो.

निमसरकारी वगैरे काही नाही. पार्क १९८७ पासून आहे आणि कंपन्या तिथे भाडेकरू आहेत. पैसे संपले की खोली रिकामी. व्हिसाला तर हा फरक चांगलाच नडतो. विद्यापीठ स्वतः एच-वन-बी हा कामाचा व्हिसा काढतं तेव्हा लॉटरीत नंबर यावा लागत नाही. पार्कातल्या खाजगी कंपनीला सहसा यावा लागतो, पत्ता कितीही विद्यापीठाचा दिसो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना पदवीनंतर काम करायला मिळणारी दोन वर्षांची स्टेम मुदतवाढ हवी असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाचा परवाना तपासणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेली लागते. छोट्या कंपन्यांच्या हे गावीही नसतं. सही करण्याआधी विचारा.

मग लशीवाले तिथेच का येतात? शेजारासाठी. हायवे ३० च्या अलीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याची रोगनिदान प्रयोगशाळा, पलीकडे पार्क. गावाच्या पूर्वेला केंद्रीय कृषी खात्याच्या प्रयोगशाळा, आणि तिथेच जनावरांच्या लशींना परवाना देणारं कार्यालयही. भोवती डुकरंच डुकरं. अमेरिकेत सगळ्यात जास्त आयोवातच. हे जुळून आलं त्याला शंभरावर वर्षं झाली. डुकरांच्या कॉलऱ्यावरचं सिरम सरकारी शास्त्रज्ञांनी याच परिसरात तपासलं. पुढे बाजारात भेसळीची सिरम आली, म्हणून १९१३ मध्ये कायदा झाला. आजही तुमच्या लशीची फाइल त्याच कायद्याखाली जाते.

हा शेजार कामी कसा येतो ते २०१३ मध्ये दिसलं. त्या वसंतात डुकरांच्या पिल्लांना जुलाब लागून गोठेच्या गोठे साफ व्हायला लागले. आठवड्याच्या आतली पिल्लं जवळजवळ सगळीच जायची. नमुने एम्सच्या प्रयोगशाळांत आले आणि मे महिन्यात निदान झालं: पीईडी, म्हणजे डुकरांचा विषाणूजन्य जुलाबाचा रोग, अमेरिकेत पहिल्यांदाच. वर्षभरात ७० लाखांच्या आसपास पिल्लं गेली. पार्कात विद्यापीठाचेच प्राध्यापक हँक हॅरिस यांची हॅरिसव्हॅक्सिन्स ही छोटी कंपनी होती. त्यांचं तंत्र असं की अख्खा रोगजंतू वाढवायचाच नाही. त्याचा एक जनुक एका निर्धोक केलेल्या विषाणूच्या सांगाड्यात बसवायचा. तो पेशीत शिरतो, प्रथिन बनवतो, पण पुढे पसरत नाही. रोग नवा आला की सांगाडा तोच ठेवून जनुक बदलायचा. जून २०१४ मध्ये त्यांना सशर्त परवाना मिळाला. म्हणजे लस सुरक्षित आहे आणि उपयोगी पडेल अशी वाजवी अपेक्षा आहे, एवढं दाखवलं की विक्री सुरू. पूर्ण पुरावा मागाहून. लस टोचायची डुकरिणीला, संरक्षण मिळायचं पिल्लाला, दुधातून. रोग आधी येऊन गेलेल्या कळपात ती बरी चालते, कोऱ्या कळपात तितकी नाही, हेही सांगायला हवं. २०१५ च्या अखेरीस मर्क या बड्या औषध कंपनीने ती विकत घेतली.

त्याच वर्षी बर्ड फ्लूने एकट्या आयोवात ३ कोटींहून जास्त पक्षी गेले. हॅरिस यांच्या लशीला परवाना मिळाला, पण कोंबड्यांना ती टोचू दिली नाही, कारण लस दिलेल्या देशाकडून कोंबडी घ्यायला बाहेरचे देश कचरतात. चांगली लस आणि खपणारी लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या कंपनीचं नाव सांगत नाही. आमचं सगळं सरकारी अनुदानावर चालायचं. पहिला टप्पा मिळाला, दुसरा नाकारला गेला, आणि एका शुक्रवारी दुपारी आम्हा पाच जणांना एकाच खोलीत बोलावलं. व्हिसाच्या नियमाने नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. सव्वीसाव्या दिवशी पार्कातल्याच दुसऱ्या कंपनीत मुलाखत झाली, तीही कॉफीच्या रांगेत झालेल्या ओळखीतून.

तेव्हा जा, पण तीन प्रश्न विचारून. हातातला पैसा किती महिने पुरेल? त्यात अनुदान किती आणि विक्रीची कमाई किती? आणि परवान्याच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार कोण करतं? तिसऱ्याचं उत्तर "बाहेरचा सल्लागार" असं आलं तर मी दोनदा विचार करीन. कंपनीतलंच माणूस असेल तर त्याच्या शेजारची खुर्ची मागून घ्या. पीसीआर तुम्ही मुंबईतही शिकलात. बॅच फेटाळली गेल्यावर उत्तर कसं लिहायचं, हे तिथेच शिकाल.

परत यायचं मनात आहे म्हणता, म्हणून एवढं सांगतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रात गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचावी लागली. लम्पीची स्वतःची देशी लस हिस्सार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी तयार केली होती, पण प्रयोगशाळेतून बाटलीपर्यंत यायला वेळ लागतो तो लागतोच. पुण्यात औंधला राज्याची लसनिर्मिती संस्था आहे, नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ आहे, परवाना मात्र दिल्लीहून. ती फाइल हाताळलेली माणसं आपल्याकडे मोजकीच सापडतील.

पगाराचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो.