‘अलबेला’ चित्रपटात पडद्यावर दिसणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट कोण होते?

‘दीवाना ये परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला जो वाद्यवृंद दिसतो, त्याच्या प्रमुखाविषयी आपण विचारले आहे. त्यांचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे या गावी झाला. आई लाडाने ‘चिको’ म्हणत असे, त्याचे पुढे ‘चिक’ झाले.

पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि लिहायला शिकवले जाई, आणि हेच शिक्षण चिक यांच्या पुढच्या साऱ्या कारकिर्दीच्या मुळाशी आहे. ते रंगूनला वाजवून आले, मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभारून ताजमहाल हॉटेलात नावारूपाला आले. अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत होते. आर्मस्ट्राँग यांचा तो घोगरा आवाज आणि हातातला रुमाल त्यांनी असा आत्मसात केला की लोक त्यांना ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. हे बिरुद गौरवाचे असले, तरी त्यामुळे त्यांचे सर्वांत मोलाचे काम झाकले गेले, असे मला मनापासून वाटते.

ते काम म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र यांना दिलेली साथ. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर हे हिंदुस्थानी संगीताच्या तालमीत वाढलेले. त्यांना सुचलेली चाल ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट यांच्यात वाटून देणे, प्रत्येक वादकासमोर त्याच्या स्वरांचा कागद ठेवणे आणि मधल्या जागांत स्विंगची, म्हणजे जॅझमधली झुलती, लय खेळवणे, यासाठी दोन्ही जग जाणणारा सहायक लागत असे, आणि चिक हे तसे सहायक होते. ‘अलबेला’तलेच ‘शोला जो भडके’ ऐकताना केवळ वाद्यांकडे लक्ष द्या: ती गायकाच्या मागे मागे फरफटत नाहीत, त्याच्याशी बोलतात. भगवानदादांच्या त्या सैल, डौलदार पावलांना अशीच लय हवी होती.

‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. पण त्यांचा खरा ठसा उमटला तो दुसऱ्यांच्या गाण्यांवर. खय्याम यांचे संगीत असलेल्या ‘आखरी खत’मधील (१९६६) ‘रुत जवां जवां’ या गाण्यात, गायक भूपिंदर यांच्या सोबत, ते पुन्हा ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.