बोटांच्या सरावाला वजन: जॅकेट घ्यावं की प्लेटा?

प्रश्न: ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. तीन वर्षं बोल्डरिंग (कमी उंचीच्या कातळांवर दोराशिवाय चढणं) करतोय, थंडीत मुंब्र्याच्या कातळांवर जातो. वजन ६२ किलो. फिंगरबोर्डच्या (बोटांनी लटकून सराव करायची फळी) २० मिलिमीटर कडेवर १५ सेकंद आरामात लटकतो. आता वजन लावायचंय. १० किलोचं वेट जॅकेट घेऊ, डिप बेल्ट (साखळीने वजन टांगायचा कमरपट्टा) घेऊ, की चढाईच्या जुन्या हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) प्लेटा लावू?

उत्तर: जुना हार्नेस धड असेल तर नवं काही घेऊ नका, पैसे प्लेटांवर घाला. जॅकेटचा भार खांद्यांवर आणि छातीवर बसतो, त्यामुळे श्वास आखडतो. आपल्याकडच्या दमट हवेत ते घामाने भिजतं आणि वाळता वाळत नाही. हार्नेसला लावलेलं वजन कमरेतून सरळ खाली ओढतं, खांदे मोकळे राहतात.

६० सेंटिमीटरची स्लिंग (शिवून गोल केलेली मजबूत पट्टी) प्लेटांच्या भोकातून ओवा, दोन्ही टोकं लॉकिंग कॅरॅबिनरमध्ये (आपोआप न उघडणारी धातूची कडी) घ्या आणि तो हार्नेसच्या बिले लूपमध्ये (पुढच्या बाजूचा नायलॉनचा फासा) अडकवा. साखळी थेट लूपमध्ये घालू नका, लोखंड घासून नायलॉन झिजतं. प्लेटा मांड्यांच्या मधे राहायला हव्यात. गुडघ्याखाली गेल्या की झोके घेतात आणि पकड सुटते. या हार्नेसवर मार्करने ‘फक्त सरावासाठी’ लिहा, म्हणजे तो चुकून दोरावर जाणार नाही. डिप बेल्टची गरज पुढे, जड पुल-अप सुरू केल्यावर. वीस-पंचवीस किलोंना हार्नेसचा पट्टा कमरेला काचायला लागतो.

प्लेटांत सगळ्यात महत्त्वाची सव्वा किलोची, आणि नेमकी तीच लोक घेत नाहीत. बोटांना एकूण भार कळतो. ६२ अधिक १० म्हणजे ७२ किलो. त्यावर सव्वा किलो म्हणजे पावणेदोन टक्के, तर ५ किलो म्हणजे जवळपास सात. स्नायू एवढी उडी सोसतील, पण बोटांतल्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे, म्हणजे पुली, स्नायूंच्या मानाने सावकाश तयार होतात, आणि दुखापत तिथेच होते. सव्वा किलोच्या दोन, अडीचच्या दोन आणि ५ ची एक, एवढ्यावर बरेच महिने निघतील. स्वस्त प्लेटांवरचा आकडा नेहमी खरा नसतो, वाण्याच्या काट्यावर तोलून घ्या. रबर चढवलेल्या घेतल्यात तर गंजाचा त्रास कमी.

सुरुवात ५ किलोंनी. हाफ क्रिम्पमध्ये (बोटांचा मधला सांधा साधारण काटकोनात वाकवलेली पकड) १० सेकंद लटकायचं, ३ मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. आठवड्यातून दोनदा, मधे निदान दोन दिवस सोडून. उतरताना अजून दोन-तीन सेकंद धरता आलं असतं असं वाटायला हवं. लागोपाठ दोन सत्रांत पाचही वेळा पकड न उघडता जमलं, तरच सव्वा किलो वाढवा. बोटाच्या मुळाशी टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी थांबा. चढता-उतरताना पायाखाली स्टूल हवंच. वजनासकट उडी मारू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण बोर्ड बसवलाय कशावर? नव्या इमारतींच्या भिंती बहुधा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांतला प्लास्टिकचा प्लग ७०-८० किलोंच्या झटक्यांनी सैल होत जातो. १८ मिलिमीटर प्लायवर बोर्ड घट्ट करून ती फळी काँक्रीटच्या बीमला एक्स्पान्शन बोल्टने बसवा. दाराच्या चौकटीत दाबून बसणाऱ्या दांडीवर वजन लावून लटकूच नका.

पावसाळ्यात तेच वजन जड वाटेल. कड ओलसर होते, घर्षण घटतं. पंखा बोर्डाकडे वळवा, आणि जुलैच्या आकड्यांची तुलना जानेवारीशी करू नका.

प्रश्न: वेट जॅकेट घालून बोल्डरिंग केलं तर ताकद लवकर वाढेल का? (खारघर)

उत्तर: नको. प्रत्येक पडण्यात घोट्यांवर आणि गुडघ्यांवर जादा भार येतो, शिवाय शरीराचा तोल बदलल्याने पावलं चुकीची बसायला लागतात. जॅकेट घरात असेलच तर जिने चढायला वापरा.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, वॉल क्लाइंबिंग करतो. त्याला वजन लावून लटकू द्यावं का? (वाशी)

उत्तर: अजिबात नाही. या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात आणि क्रिम्पच्या ताणाने तिथे फ्रॅक्चर होऊ शकतं. त्याला भरपूर चढू द्या, मोठ्या होल्डवर (भिंतीवरच्या धरायच्या खुंट्या). बोटाचा मधला सांधा आठवडाभर दुखत राहिला तर चढणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.